ग्लासातली कँडल: आधी जार, मग मेण आणि वात सगळ्यात शेवटी

गेल्या वर्षी गणपतीत सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की दिवाळीच्या आधी घरगुती वस्तूंचे स्टॉल लावायचे, आणि मी तोऱ्यात सांगून मोकळा झालो की सुगंधी कँडल्स माझ्याकडे, त्यात काय एवढं, मेण वितळवायचं, वात उभी करायची, ओतायचं. पुढच्या दीड महिन्यात माझे अकरा जार वाया गेले, एक ग्लास टेस्ट चालू असताना डायनिंग टेबलवरच तडकला आणि आईने ओट्यावर मेणाचं पातेलं ठेवायला कायमची बंदी घातली. आता गॅलरीत एक इंडक्शन आहे, तोच माझा कारखाना. हे लिहितोय कारण बहुतेकजण तीच चूक करतात जी मी केली: आधी वास पसंत करायचा, मग दिसायला छान ग्लास, मग मिळेल ते मेण, आणि वात काय, दुकानदार देईल ती. पण कँडल जळते कशी हे ठरवते वात, आणि वात कुठली हे ठरतं जार आणि मेण पक्कं झाल्यावरच. त्यामुळे त्याच क्रमाने जाऊ.

जारचा एकच आकडा खरा महत्त्वाचा, आतला व्यास. बाहेरून नाही, आतून, आणि जिथे मेण असणार त्या उंचीवर. शाळेची पट्टी आडवी धरून मोजलं तरी चालतं. पहिल्यांदा पुण्यात बोहरी आळीत गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "किती इंची देऊ?" मी म्हटलं तीन, कारण माझा ग्लास आतून तीन इंच रुंद होता. त्याने तीन इंच लांबीच्या वातींचं शंभरचं पाकीट दिलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. सुट्या वाती बऱ्याच दुकानांत लांबीवर विकतात, जाडी कोणी विचारत नाही, आणि कँडलला फरक पडतो तो जाडीने आणि विणीने, लांब वात काय कात्रीने कापता येते. तेव्हा दुकानात गेलात तर "कुठल्या सिरीजची, कितवा नंबर" असं विचारा, सिरीज म्हणजे विणीचा प्रकार आणि नंबर म्हणजे जाडी. उत्तर नाही आलं तर निदान पाच-पाचच घ्या, शंभरचं पाकीट घेऊ नका. माझ्याकडे त्यातल्या नव्वद अजून पडून आहेत.

जार सरळ उभ्या भिंतींचा घ्या. पोट सुटलेला आणि तोंड लहान असा ग्लास दिसतो भारी, पण व्यास प्रत्येक उंचीला बदलतो, म्हणजे वर बरोबर बसलेली वात मध्ये कमी पडते, आणि लहान तोंडात हवा नीट खेळत नाही म्हणून धूर. कटिंग चहाचे पातळ ग्लास, सेलमधले नाजूक वाईन ग्लास, चीर गेलेलं काहीही, हे नको. माझा जो तडकला तो असाच होता, टपरीवर मिळतो तसला, मला वाटलं किती क्यूट दिसेल. मेण खाली गेलं, ज्योत बुडाजवळ आली आणि टक् करून उभी चीर, मेण टेबलक्लॉथवर. नशीब मी समोर बसलो होतो. प्रॅक्टिससाठी जॅमच्या जाड बाटल्या चालतात, तुळशीबागेत आणि रविवार पेठेत जाड बुडाचे साधे ग्लासही मिळतात. ६ ते ८ सेंटीमीटर व्यास शिकायला सगळ्यात सोपा. ९-१० च्या पुढे एका वातीने भागत नाही, दोन लावाव्या लागतात आणि मग सगळी गणितं डबल, ते नंतर कधीतरी.

किती मेण लागेल ते असं काढा: ग्लास काट्यावर ठेवून शून्य करा, जिथपर्यंत मेण हवं तिथपर्यंत पाणी भरा, वजन बघा. मेण पाण्यापेक्षा हलकं, म्हणून त्या आकड्याला साधारण ०.९ ने गुणा. २०० ग्रॅम पाणी मावलं तर १८० ग्रॅम माल. त्यात सुगंध मेणाच्या ६ टक्के धरला तर मेण १७० आणि सुगंधी तेल १० ग्रॅम. तेल मिलीलीटरमध्ये मोजू नका, चमच्याने तर नाहीच, प्रत्येक तेलाची घनता वेगळी असते, वजनच करा. आणि पाण्याने मोजलेला ग्लास खडखडीत कोरडा करा, एक थेंब राहिला तरी पुढे ज्योत तडतडते.

आता मेण. हा भाग जरा लांबणार आहे कारण पुण्यात याचाच सगळ्यात जास्त घोळ होतो.

परदेशी व्हिडिओंमध्ये सगळे सोया सोया करत असतात. सोया वॅक्स म्हणजे सोयाबीनचं तेल हायड्रोजनेट करून घट्ट केलेलं, एका अर्थी डालडाचाच चुलतभाऊ. ग्लाससाठीचं सोया साधारण ४६ ते ५२ अंशांना वितळतं, मऊ असतं, काचेला बऱ्यापैकी धरून बसतं, हळू जळतं, आणि सांडलं तर गरम पाणी आणि साबणाने निघतं, हा गुण आईच्या दृष्टीने सर्वोच्च. तोटे असे की थंड होताना त्यावर पांढरी बुरशीसारखी नक्षी येते, त्याला फ्रॉस्टिंग म्हणतात, ते मेणाचे स्फटिक असतात, खराब काही नसतं पण गिऱ्हाईक विचारतंच. आणि जळताना वास खोलीभर पसरवण्यात सोया जरा आळशी आहे.

पॅराफिन म्हणजे पेट्रोलियममधून निघालेलं, आपली साधी पांढरी मेणबत्ती, लाईट गेल्यावर ड्रॉवरमधून शोधतो ती. स्लॅबमध्ये मिळतं, त्यावर ५८-६० असा आकडा सांगतात तो वितळण्याचा अंश. स्वस्त, सुगंध जोरात फेकतं, रंग छान चढतो. पण थंड होताना आकसतं, मध्ये वातीभोवती खड्डा पडतो, काचेपासून सुटतं, मग थोडं मेण मागे ठेवून दुसऱ्यांदा ओतावं लागतं. रिफाइंड पूर्ण असेल तेच घ्या, अर्धवट रिफाइंडमध्ये तेल जास्त राहतं आणि त्याला रॉकेलसारखा वास येतो.

कोकोनट वॅक्स मऊ, गुळगुळीत, दिसायला क्रीमसारखं. पण डिसेंबरात बाथरूममधलं खोबरेल गोठतं आणि फेब्रुवारी संपता संपता परत पातळ होतं हे पुण्यातल्या प्रत्येकाने बघितलंय ना, खोबरेल वितळतंच २४ अंशांच्या आसपास. हायड्रोजनेट केल्यावरही ते जेमतेम ३५ च्या आसपास जातं. शिमला ऑफिसचा, म्हणजे पुण्याच्या वेधशाळेचा, एप्रिल-मेचा आकडा ४० ला टेकतो तेव्हा तुमच्या शोकेसमधल्या कँडलचं काय होणार ते तुम्हीच बघा. मी पहिली बॅच सोया ७० खोबरं ३० अशी केली होती, ऑक्टोबरात अप्रतिम, एक शिल्लक राहिलेली मे महिन्यात कपाटावर होती तिला घाम फुटला, वर तेलाचे थेंब, आणि बोट लावलं तर श्रीखंड. उन्हात उभ्या गाडीत ५० च्या वर सहज जातं, तिथे नुसतं सोयासुद्धा पातळ होतं, मग कुरियरने पाठवायची असेल तर विचारूच नका.

मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कडक, चिवट, मधाचा स्वतःचा वास. शाळेत असताना आम्हाला गणेशखिंड रोडच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेत नेलं होतं, तिथला वास मला अजून आठवतो, आणि नेमका तोच प्रॉब्लेम आहे, की हे मेण जास्त घातलं तर तुमचा मोगरा-खस सगळं त्याखाली दबतं. नुसत्या मधमाशीच्या मेणाची ग्लास कँडल नवशिक्याने करू नये, जाड वात लागते आणि महाग मेण वाया जातं. पण चिमूटभर म्हणून, म्हणजे ५ ते १० टक्के, हे मेण सोयाला कणा देतं, उन्हाळ्यात घाम कमी, फ्रॉस्टिंगही जरा आटोक्यात.

म्हणून मिश्रण. माझं सध्याचं प्रमाण सोया ७०, पॅराफिन २५, मधमाशीचं मेण ५. पॅराफिन वास उचलून धरतं, सोया काचेला धरून ठेवतं, तिसरं उन्हाळ्यासाठी. ज्यांना पॅराफिन नकोच आहे त्यांनी सोया ९०, मधमाशीचं १० करून बघा, वास थोडा कमी येईल हे धरून चाला. खोबरं घालायचंच असेल तर हिवाळ्याच्या स्टॉलपुरतं, १०-१५ टक्क्यांवर जाऊ नका. हे आकडे माझ्या मेणाचे आहेत, तुमचं मेण वेगळं निघू शकतं, कारण इथे सुटं मिळणारं "सोया" दर वेळी सोयाच असेल असं नाही. मला एका ऑनलाईन विक्रेत्याने प्युअर सोया म्हणून जे दिलं ते नखाला कडक, कडेला अर्धपारदर्शक आणि साबणाने निघता निघेना, म्हणजे भरपूर पॅराफिन होतं त्यात. खरं सोया मऊ, दुधाळ, नख रुततं, हाताला किंचित तुपकट लागतं. वितळण्याचा अंश घरी ढोबळ तपासता येतो, वितळवून थर्मामीटर आत ठेवायचा आणि निवताना कितीला पहिली साय धरते ते बघायचं. आणि एकदा जमलं की त्याच लॉटचं चार-पाच किलो एकदम उचला. मेण बदललं की वात परत पहिल्यापासून शोधायला लागते, त्यातून सुटका नाही.

आता वात.

तिसऱ्या का चौथ्या टेस्टला माझ्या वातीच्या टोकावर काळा गोळा जमला, अळंबीसारखा, ज्योत बोटभर उंच, थरथरती, ग्लासच्या कडेला काळं. मी फोनवर मश्रूमिंग म्हणजे काय ते वाचत बसलो होतो. आई देवघरातून उठून आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अरे काजळी धरलीय नुसती. वात जाड झाली तुझी. समईत दोन पदरी पुरते तिथे चार पदरी घातलीस तर दिवा तेल पितो आणि धूर सोडतो, एवढंही माहीत नाही होय?" झालं, जे मी दोन तास वाचत होतो ते एवढंच होतं. वातीचं काम म्हणजे वितळलेलं मेण केशाकर्षणाने वर ओढायचं, वर त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ, कापूस नाही. जाड वात गरजेपेक्षा जास्त मेण ओढते, तेवढं जळायला हवा पुरत नाही, मग उरतो कार्बन, म्हणजे काजळी. बारीक वात कमी ओढते, कडेचं मेण वितळतच नाही, मध्ये विहीर खणत खाली जाते आणि शेवटी स्वतःच्याच तळ्यात बुडून विझते.

यावर मी अतिशहाणपणा केला, आईच्याच समईच्या वाती घेतल्या आणि मेणात बुडवून जारमध्ये लावल्या. नका करू. समईची वात नुसती वळलेली असते, तेलात किंवा तुपात ती आडवी टेकून राहते आणि आपण मधूनमधून पुढे सरकवतो, काजळी झाडतो. वितळलेल्या मेणात ती उभी राहत नाही, मान टाकते. कँडलची वात विणलेली असते. ही सुधारणा १८२५ ची, कांबासेरेस नावाच्या फ्रेंच माणसाची. वेणीसारखी विणली की जळताना टोक एका बाजूला वाकतं, ज्योतीच्या बाहेरच्या गरम भागात जातं आणि तिथे त्याची राख होते, त्यामुळे वात आपोआप छाटली जाते. त्याआधी मेणबत्तीचंही समईसारखंच, सारखी कात्री लावा.

बाजारात ज्या मिळतात त्यात ग्लाससाठी कामाच्या दोन-तीनच. इको सिरीज, ही चपटी सुती विण आणि त्यात कागदाचे बारीक धागे, सोयासाठी मला हीच बरी पडली. सीडी सिरीजही तशीच चपटी, कागदी धाग्याची, जड सुगंधाला चांगली. तिसरी, मध्ये झिंकची तार असलेली, ती ताठ उभी राहते पण तिला काजळी लवकर धरते, पॅराफिनमध्ये ठीक. तारेवरून एक गोष्ट, पूर्वी काही वातींत शिशाची तार असायची, अमेरिकेत २००३ पासून त्यावर बंदी आहे, पण सुटी बिननावाची वात घेतली तर तपासून घ्या: टोक सोलून तार कागदावर घासा, पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर ती शिशाची असू शकते, फेकून द्या. झिंकची रेघ उठत नाही. लाकडी वातीही येतात, चुलीसारख्या तडतडतात, फोटोत झकास, पण सारख्या विझतात आणि फार बारीक, ३ मिलीमीटरवर छाटाव्या लागतात. आधी सुती जमू द्या.

नंबरचं असं आहे की एका सिरीजमध्ये मोठा नंबर म्हणजे मोठी वात, पण इको १० आणि सीडी १० एक नव्हेत, तो मोह टाळा. साधारण ७ ते साडेसात सेंटीमीटर ग्लास आणि सोया असेल तर इको ८, १० आणि १२ अशा तिन्ही मागवा. वात विकणाऱ्यांच्या चार्टमध्ये एकच नंबर दिलेला असतो तो फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगतो. मेणानुसार अंदाज असा धरा: सोया आणि मधमाशीचं मेण जड, त्यांना एक नंबर वरची, पॅराफिन पातळ होऊन पटकन चढतं म्हणून एक नंबर खालची. माझ्या ग्लासात नुसत्या सोयाला १२ लागली, तेच ७०-२५-५ ला १० पुरली. सुगंधही यात पाय घालतो. व्हॅनिलासारखी घट्ट तेलं वात चोंदवतात, त्याच जारला त्याच मेणात मोगऱ्याला १० चालली आणि व्हॅनिलाला परत १२ लागली. वर व्हॅनिलाने मेण तपकिरी झालं ते वेगळंच, ते व्हॅनिलिनमुळे होतं, त्यावर मी आता "चहा रंग" असं नाव देऊन विकतो.

वातीत अडकून तिचा जीव घेणाऱ्या गोष्टी: मुलांचे क्रेयॉन, मायका पावडर, पाण्यातला खाण्याचा रंग. रंग पाहिजे तर तेलात विरघळणारा कँडल डाय घ्या, चिमूटभर. सुगंधासाठी रूम फ्रेशनर, देवाचं अत्तर, अगरबत्तीचं कंपाउंड वापरू नका, कँडलसाठी म्हणून विकतात तेच तेल. आणि वरून गुलाबपाकळ्या, दालचिनी, वाळलेली संत्र्याची चकती, फोटोसाठी करा आणि पेटवायच्या आधी काढून टाका, त्या दुसऱ्या वातीसारख्या पेट घेतात.

ओतायचं थोडक्यात सांगतो. पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचा उभा डबा, डब्यात मेण, थेट आचेवर कधीच नाही. सगळ्यात आधी कडक मेण वितळवा, मग सोया. ८० अंशांच्या आसपास आणा, खाली उतरवा, ७०-७५ ला सुगंध घाला आणि दोन मिनिटं शांतपणे ढवळा, फेटू नका, बुडबुडे होतात. मग ५५-६० पर्यंत निवू द्या आणि बारीक धारेने ओता. ग्लास थंडगार नको, डिसेंबरात सकाळी मी ग्लास आधी हेअर ड्रायरने कोमट करतो, नाहीतर काचेवर ओले डाग उठतात, म्हणजे मेण तिथे सुटतं. वातीची खालची पत्र्याची चकती ग्लू गनने बरोब्बर मध्यभागी चिकटवा, वर कपड्याच्या चिमट्यात वात धरून चिमटा ग्लासवर आडवा ठेवा. मध्य चुकला तर ज्योत एका भिंतीला तापवते, मग तुमची वात कितीही बरोबर असो. मेणातून धूर यायला लागला तर आधी आच बंद. पेटलंच तर झाकण टाकायचं, पाणी चुकूनही नाही. आणि उरलेलं मेण मोरीत ओतू नका, प्लंबरचा खर्च कँडलच्या नफ्यातून निघत नाही.

ओतून झालं की पेटवायची घाई सगळ्यांना असते. सोयाला दहा ते चौदा दिवस द्या, पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात. दुसऱ्याच दिवशी पेटवून "वासच येत नाही" म्हणून तेल वाढवणारे खूप, मी त्यातलाच. १० टक्क्यांपर्यंत नेलं, मेणाने ते पेललंच नाही, तेल बुडाला साचलं आणि वात सतत काजळली. ६ टक्के आणि दोन आठवडे थांबणं याने जो वास आला तो १० टक्क्यांनी आला नाही.

टेस्ट मात्र नीट करा, यातच सगळं आहे. एकच ग्लास, एकच मेण, एकच वास, आणि तीन वाती वेगवेगळ्या, तीन जार. बुडाला पट्टी चिकटवून नंबर आणि ओतल्याची तारीख लिहा, लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही. वात ५-६ मिलीमीटर उरेल अशी छाटा. पंखा बंद. हे पंख्याचं मला फार उशिरा कळलं, दोन वाती मी उगाच नापास केल्या, डोक्यावर पंखा तीनवर आणि मी म्हणतोय ज्योत नाचते का, एकाच बाजूचं मेण वितळतं का. पेटवा आणि व्यासाच्या दर अडीच सेंटीमीटरला एक तास हा हिशोब धरा, म्हणजे साडेसात सेंटीमीटरच्या ग्लासला तीन तास. चार तासांच्या वर एका वेळी नाही. दर तासाला बघा आणि वहीत लिहा: ज्योत किती उंच, काजळी आहे का, मेणाचं तळं किती रुंद, किती खोल. ज्योत २-३ सेंटीमीटर, शांत, तळं सेंटीमीटरभर खोल, ग्लास बाहेरून हात लावता येईल इतपत गरम, हे सगळं चांगलं. मग विझवा, पूर्ण गार होऊ द्या, दुसऱ्या दिवशी परत वात छाटून परत तेच.

इथे एक गोष्ट आहे जी कळायला मला सात जार लागले. सगळीकडे सांगतात की पहिल्याच वेळी मेण कडेपर्यंत वितळलं पाहिजे. त्यामुळे मी पहिल्याच दिवशी अडीच तासांत कडेला टेकणारी वात पास केली आणि खूश झालो. ती कँडल अर्ध्याच्या खाली गेल्यावर भट्टी झाली, कारण ज्योत खाली जाते तसा ग्लास तिच्याभोवती चिमणीसारखा उभा राहतो, उष्णता आतच कोंडते, आणि वर जी वात बेताची होती ती खाली जास्त होते. पहिल्या वेळी कडेला चार-पाच मिलीमीटरचा काठ न वितळता राहिला तर घाबरू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो आपोआप खाली येतो. त्यामुळे कुठलीही वात पास करायची तर कँडल शेवटपर्यंत जाळून, अर्धी जाळून नाही. तळाला सेंटीमीटरभर मेण उरलं की थांबा, त्याखाली जाळलं तर बूड तापून ग्लास जातो.

काही बिघडलं तर आधी वातीकडे बघा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. काजळी आणि धूर असेल तर आधी वात छाटलीय का बघा, मग नंबर एक खाली. मध्ये विहीर आणि कडेला जाड भिंत असेल तर नंबर एक वर. ज्योत बारीक होत बुडतेय आणि नंबर वाढवूनही तेच, तर सुगंध कमी करा किंवा रंग काढा, वात चोंदलीय. वर खड्डा किंवा चीर असेल तर वातीचा संबंध नाही, हेअर ड्रायर फिरवा, वरचा थर वितळून सपाट होतो. मे महिन्यात घाम आला तर टिश्यूने टिपा आणि पुढच्या बॅचला खोबरं कमी, मधमाशीचं मेण दोन-तीन टक्के जास्त, आणि मग हो, वात परत तपासा, कारण मेण कडक झालं.

नापास कँडल्स टाकू नका. ग्लास गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला की मेण सुटतं, वात उपटून काढा, मेण गाळून वेगळ्या डब्यात साठवा आणि त्यावर "मिक्स" लिहा, चांगल्या मेणात परत घालू नका, त्याचं प्रमाण आता कोणालाच माहीत नाही. माझ्याकडे अशा दोन किलो मिक्सच्या पणत्या झाल्यात, मोगरा, व्हॅनिला आणि खस एकत्र, वास विचारू नका. परवा रात्री लाईट गेली तेव्हा आईने त्यातली एक पेटवली, पाच मिनिटांनी नाकाला पदर लावला, आणि ड्रॉवरमधून साधी पांढरी मेणबत्ती काढली.